धनेशाला रंग का धरला नाही

हेमंतराव, तुमच्या धनेशाला रंग का धरत नव्हता, ते मला माहीत होतं. तुम्ही होतात तेव्हा सांगितलं नाही. आज सांगते आहे. तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला.

इथल्या मराठी मंडळींनी तुमच्या आठवणींची एक लहानशी पुस्तिका काढायची ठरवली आहे. मला म्हणाले, "मावशी, जावयाबद्दल तुम्हीही चार ओळी लिहा." तुम्ही नाटक कसं बसवायचात, नव्याने आलेल्या मुलांना खोल्या कशा शोधून द्यायचात, ते बाकीचे लिहितीलच, आणि ते खरं आहे. माझ्याजवळ जे आहे ते दुसऱ्या कुणाजवळ नाही, म्हणून मी तेवढंच लिहिणार. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका माझ्या लेकीने, सुनीताने सुधारल्या आहेत, ओळ एकही कापलेली नाही.

तुमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. त्या नऊ वर्षांत तुम्ही आणि मी जे बोललो ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. प्रवास नीट झाला ना. जेवलात का. गोळी घेतली का. जावई सासूसमोर पाहुण्यासारखा बसतो, आणि माझ्या बोलण्यात काही गोडवा नाही. माझे यजमान गेल्यापासून सुनीता मला दर हिवाळ्यात बोलावून घेते. गणपती झाले की पेणला मूर्तींच्या कारखान्यात फारसं काम नसतं, म्हणून मी येते. तीन महिने जर्मनीत, एर्लांगेनला तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात खिडकीपाशी बसते आणि रस्त्यावरच्या सायकली बघते. इथे लोक पावसातही सायकल चालवतात आणि कुणी त्यांना वेडं म्हणत नाही.

या वेळी मी आले त्याच्या दुसऱ्या शनिवारी तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरलीत, जुनं सायकलचं हेल्मेट त्यावर पालथं ठेवलंत आणि त्याला माती थापायला लागलात.

मी म्हटलं, "हे काय?"

"धनेश, आई. फाशिंगच्या मिरवणुकीसाठी. इथल्या लोकांचा सोंगं घेऊन नाचायचा सण. ऑफिसातले आम्ही सहा जण पक्षी होणार आहोत. आमचा युर्गेन करकोचा आहे. मी धनेश."

"एवढी चोच घालून चालणार तुम्ही?"

"चालणार. नाचणारसुद्धा."

मग तुम्ही सांगायला लागलात. चिपळूणजवळ तुमच्या आत्याच्या घरामागे मोठी झाडं होती आणि तिथे धनेशाचं जोडपं यायचं. पंखांचा आवाज असा, की आगगाडीचं इंजिन आल्यासारखं वाटायचं. मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते. नर महिनोन्‌महिने बाहेरून फळं आणून भरवतो.

मी म्हटलं, "म्हणजे माझ्यासारखी. तिसऱ्या मजल्यावर बंद, आणि जावई भरवतोय."

तुम्ही इतके हसलात की हातातला मातीचा गोळा खाली पडला. सुनीता बाहेरच्या खोलीतून बघायला आली. माझ्यासमोर तुम्ही मोठ्याने हसलात ते पहिल्यांदाच.

त्याच दिवशी मी तुम्हाला म्हटलं, की चोच जड झाली आहे, डोक्यावर घातलीत तर मान पुढे ओढेल. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "मग काय करू?"

हेमंतराव, मी पेणच्या कारखान्यात पन्नासहून जास्त वर्षं काम केलं. बायकांनी काय करायचं ते ठरलेलं होतं. प्लास्टर कालवायचं, साचे भरायचे, सुटलेली मूर्ती खरवडायची, पॉलिश पेपर मारायचा, पांढरा हात द्यायचा. रंग पुरुषांचे, आणि डोळे तर कारागिराशिवाय कुणी आखायचे नाहीत. मला लोकांनी काम सांगितलं. 'काय करू' असं मला कुणी विचारलं नव्हतं, माझ्या नवऱ्यानेही नाही. तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरवर यंत्रं आखणारा माणूस, मला विचारत होतात. मी हात धुतले, पदर खोचला आणि समोर बसले. चोचीखालची माती काढली, चोचीवरचा उंचवटा मागे घेतला. त्या दिवसापासून मी मास्तर. "मास्तर, हे बघा जरा." "मास्तर, इथे बोट फिरवा." सुनीता म्हणायची, "मला दोघांनी मिळून घराबाहेर काढा आता."

आणि त्याच टेबलावर मी जे बोलायला नको तेही बोलले. म्हटलं, "एवढा खटाटोप. एखादं मूल असतं तर त्याच्यासाठी तरी झाला असता."

सुनीता शेगडीजवळ उभी होती. ती तशीच पाठमोरी राहिली. तुम्ही अंगठ्याने चोचीची कड गुळगुळीत करत होतात. थांबला नाहीत. म्हणालात, "हा माझ्यासाठीच आहे, आई."

मूल व्हावं म्हणून तुम्ही दोघांनी किती दवाखाने केलेत ते मला ठाऊक होतं. तरी बोलले. माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानातून माझ्या हाताच्या मापाचे रबरी हातमोजे आणलेत, आणि नाकावर लावायचा एक मास्क. तुमच्या मास्कात मिसळू नये म्हणून त्याच्यावर काळ्या पेनाने 'आई' असं लिहिलेलं.

साच्याचं काम आपण खाली केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात नेलं. घट्ट दह्यासारखं रबर तुम्ही ब्रशने मातीवर चढवत होतात, एक थर वाळला की दुसरा. रबराचा साचा मला नवा नव्हता. नुसतं रबर मऊ पडतं, त्याला बाहेरून प्लास्टरचं कवच लागतं. तुम्ही त्यासाठी हातपाय मोडल्यावर गुंडाळतात तसल्या पट्ट्या आणल्या होत्या. मी म्हटलं, "हे हाडाला. साच्याला काथ्या लागतो." मग आपण बसने बाउमार्क्टला, त्या बांधकामाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात गेलो. काथ्या तिथे मिळेना. शेवटी दुकानातल्या माणसाने नळाच्या आट्यांना गुंडाळतात त्या तागाची जुडी आणून दिली. त्याने विचारलं, कशाला हवी. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून लांबलचक काहीतरी सांगितलंत. तो माझ्याकडे बघून "जा, जा, गेनाऊ" म्हणाला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, बाई बरोबर सांगतायत."

तो तसं म्हणाला असेल असं मला अजून वाटत नाही. पण बसमध्ये ती जुडी मी मांडीवर धरून बसले होते.

कवच मी केलं. प्लास्टर कालवायचं पाणी किती, ते तुम्ही मापाच्या भांड्याने मोजायला निघालात. मी हात घालून सांगितलं, "एवढं पुरे." बरोबर बसलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या होफमानबाई घरच्या गाऊनवरच, नियमांचा कागद हातात घेऊन खाली आल्या. केलरमध्ये कसला वास येतो म्हणून. तुम्ही त्यांना भांडण करू दिलंच नाहीत. एक मास्क दिलात आणि दिवा धरायला सांगितलंत. अर्धा तास त्या दिवा धरून उभ्या होत्या. जाताना म्हणाल्या, चोच अजून लांब हवी. म्हणजे तुम्ही मला तसं सांगितलंत.

आता तेलाचं.

साचा तयार झाला, ओतायचा दिवस ठरला. मी विचारलं, "साच्याला तेल कधी लावायचं?"

"तेल नको, आई. ह्या रबराला रेझिन, म्हणजे आपण ओतणार ते प्लास्टिक, चिकटतच नाही."

"आणि चिकटलं तर?"

"नाही चिकटणार. मी वाचलंय."

मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे मला पटलं असं नसतं, हे सुनीताला विचारा. आमच्याकडे साच्याला तेलाचा हात न लावता कुणी माल भरला तर गणपतीचं नाक साच्यातच राहायचं. मी चौदा वर्षांची, नुकतीच लग्न होऊन आलेली असताना माझ्याकडून एकदा तसं झालं होतं. सासऱ्यांनी सगळ्यांसमोर फूटपट्टीने हातावर मारलं होतं. कुठल्या तरी पुस्तकात लिहिलंय म्हणून तेल लावायचं नाही, हे माझ्या हाताला पटेना.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं ऑफिसला गेलात. मी खिळ्यावरची केलरची किल्ली घेतली आणि पेणहून आणलेली खोबरेल तेलाची बाटली घेतली. थंडीने तेल तुपासारखं गोठलं होतं. काडीने काढून तळहातावर चोळलं आणि फडक्याने साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पुसून घेतलं. चोचीच्या टोकापर्यंत बोट घातलं. मग कोरड्या फडक्याने टिपून काढलं, डोळ्याला दिसणार नाही इतकं. तेल लावलेलं दिसता कामा नये, पण असलं पाहिजे. हीच ती कला. ती मला येते.

संध्याकाळी आपण ओतलं. दोन बाटल्यांतले दोन पातळ पदार्थ सारखे मोजून एकत्र करायचे, की ते घट्ट व्हायला पाच-सहा मिनिटं. थोडंसं आत ओतायचं आणि साचा हळूहळू फिरवत राहायचं, म्हणजे ते आतून सगळीकडे पसरतं आणि मध्ये डोक्याला पोकळी राहते. असे चार-पाच थर. एका बाजूला तुम्ही धरलंत, एका बाजूला मी. "डावीकडे, आई. आता चोचीकडे. थांबा. परत वर." प्लास्टरही घट्ट होताना गरम होतं, पण ते जमिनीवर होतं. हे हातात होत होतं, कवचातून तळव्यांना लागत होतं. दोघांना एकदमच लागलं आणि तुम्ही म्हणालात, "आला बघा जीव."

दुसऱ्या दिवशी कवच काढलं, रबर उलटून सोलून काढलं. पोळी तव्यावरून सुटावी तसा धनेश सुटला. तुम्ही म्हणालात, "बघा मास्तर, तेलाशिवाय कसा सुटला."

मी "हं" म्हटलं. मनात म्हटलं, माझ्यामुळे सुटला. आठवडाभर मी त्या खुशीत होते.

मग तुम्ही घासायला बसलात. शिवणीची रेघ कानशीने काढलीत, बारीक भोकं लांबीने भरलीत, पाण्याचा पेपर मारलात. जाडा, मग मध्यम, मग बारीक. ह्या कामात मी तुमच्याहून हुशार, कारण तुम्ही जोर लावत होतात आणि पेपराला जोर लागत नाही. दोघांनी मिळून तो इतका गुळगुळीत केला की सुनीता त्यावरून गाल फिरवून गेली. तुम्ही अस्तराचा रंग मारलात. सकाळी बघितलं तर त्या रंगाला जागोजागी गोल खड्डे पडलेले, मासळीच्या डोळ्यांसारखे. चिकटपट्टी लावून ओढली तर रंगच पट्टीबरोबर सालीसारखा आला.

तुम्हाला वाटलं, केलर थंड आहे, दमट आहे. हीटर नेऊन ठेवलात. परत घासलंत, परत रंग, परत खड्डे. म्हणालात, ओतीवच नासलं असेल, नवीन ओतू. ओतायच्या आदल्या दिवशी मी परत तेल लावलं. पहिला अलगद सुटला तो तेलानेच सुटला असं मी धरून चालले होते. तुमच्या डब्यातला रंगच खराब असेल, असं वाटलं.

नाताळात तुम्ही दोघं दहा दिवस ऑस्ट्रियाच्या डोंगरात जाणार होतात. खोली सांगून ठेवली होती. सुनीताने नवे बूट आणले होते. तुम्ही तिला म्हणालात, "हे एकदा जमू दे, ईस्टरला नक्की जाऊ." ती म्हणाली, "बस तुझ्या पाखराजवळ." दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही, मग तीच डब्यातून पोळी-भाजी खाली आणून द्यायला लागली. ते दहा दिवस तुम्ही सकाळपासून केलरमध्ये होतात. दुसरा धनेशही रंग धरेना.

नाताळानंतर रेझिनच्या दुकानातल्या माणसाला तुम्ही फोन केलात. मी पोळ्या लाटत होते. फोन ठेवून तुम्ही सुनीताला म्हणालात, "तो म्हणतो कुठूनतरी तेल लागतंय. तेलाचा डाग असला की असेच खड्डे पडतात, आणि रबर तर तेल पिऊन बसतं म्हणे. मी म्हटलं, बाबा रे, आमच्या केलरमध्ये तेल कुठून येणार?"

सुनीता म्हणाली, "तुझ्या डोक्याचं असेल. रोज चोपडून जातोस."

तुम्ही केसातून हात फिरवलात, बोटं बघितलीत आणि म्हणालात, "असेल बुवा. माझंच असणार."

मी पोळी उलटली. तेव्हा बोलायचं होतं. तोंडात शब्द होते, "हेमंतराव, तेल मी लावलं." एवढंच. पोळी भाजली, डब्यात घातली, पुढची लाटायला घेतली. का बोलले नाही म्हणाल, तर मला मास्तर म्हणवून घ्यायची चटक लागली होती. सत्तर वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. पोळी भाजायच्या वेळात ते सोडायला जमलं नाही. आणि त्यानंतर प्रत्येक दिवस गेला तसं आणखी जड होत गेलं.

तुम्ही डोक्याला तेल लावणं सोडलंत. खाली जायच्या आधी हात इतके धुवायचात की बोटांच्या सांध्यांना भेगा पडल्या. सुनीता मलम लावायची, आणि तुम्ही म्हणायचात, "मलम नको, त्यातही तेल असतं." मी ते ऐकत बसायचे.

मला वाटलं, गुपचूप निस्तरू. तुम्ही नसताना साचा भांडी घासायच्या साबणाने तीन वेळा धुतला. पुढच्या वेळी तेल लावलं नाही. तिसरा ओतला. रंग लावला. खड्डे कमी झाले, पण पडलेच. रबराने तेल आत ओढून घेतलं होतं आणि ते थोडं थोडं बाहेर टाकत होतं. तो दुकानदार म्हणाला होता तसंच. तुम्ही तिसरा बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "मास्तर, साचाच नवा करू. शनिवारी बसू. कवच तुमच्याकडे."

तो शनिवार आला नाही. गुरुवारी सकाळी ऑफिसच्या जिन्यात तुम्ही पडलात. डॉक्टरांनी सुनीताला सांगितलं, हृदयाची नळी आतून बंद होत आली होती, आज ना उद्या व्हायचंच होतं. मी तिला विचारायला लावलं, थंडीत बसल्याने, त्या वासाने, घासून घासून दमल्याने झालं का. ते म्हणाले, नाही. त्यांनी दोनदा नाही म्हटलं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. तेलाने तुम्ही गेला नाहीत. पण तेलाने जे गेलं ते गेलंच.

इथे माणूस गेल्यावरही अपॉइंटमेंट लागते. नऊ दिवस तुम्हाला कुठेतरी थंड खोलीत ठेवलं होतं आणि आम्ही कागद भरत होतो. लोक डबे आणत होते. सुनीता सगळ्यांना बसा म्हणायची, चहा द्यायची. रडली ती एकदाच. न्हाणीघरात तुमची खोबरेल तेलाची बाटली दिसली, महिन्याभरात न उघडलेली. "आई, हा तेल का लावत नव्हता गं शेवटी शेवटी?" मी म्हटलं, मला काय माहीत. ते दुसरं खोटं.

पंधरा दिवसांनी युर्गेन आला. टोपी हातात धरून खुर्चीच्या कडेवर बसला. मिरवणुकीत सहाही पक्षी चालायला हवेत असं त्या लोकांचं म्हणणं होतं. धनेश त्यांच्यातला कुणीतरी घालणार होता, सुनीताची हरकत नसेल तर.

सुनीता म्हणाली, "घेऊन जाऊ देत. मला ते घरात नको."

मी त्याच्याच भाषेत नाही म्हटलं, "नाइन."

युर्गेन दचकला. त्याला वाटलं, म्हातारीला ते सोडवत नाही. मी सुनीताला म्हटलं, "त्याला सांग, काम पुरं झालेलं नाही. रंग राहिला आहे."

"आई, रंग धरत नाही त्याला. तू बघितलंयस."

"का धरत नाही तेही मला माहीत आहे."

आणि मी सांगितलं. खिळ्यावरची किल्ली, फडकं, पोळ्या, सगळं. युर्गेन मधे बसला होता, त्याला एक अक्षर कळत नव्हतं. तो कॉफीचा कप धरून एकदा तिच्याकडे बघत होता, एकदा माझ्याकडे.

सुनीता म्हणाली, "नाताळच्या आधीपासून?"

"हो."

"आम्ही जाणार होतो, आई."

"हो."

"दहा दिवस होते."

तिने युर्गेनला काहीतरी सांगितलं, त्याने कप ठेवला, माझ्याशी हात मिळवला आणि गेला. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझं ताट वाढून ठेवायची आणि आतल्या खोलीत जायची. तिने तसंच करायला हवं होतं.

मी तिसरा धनेश घेऊन केलरमध्ये बसले. डब्यांवर तुम्ही पट्ट्या चिकटवून आधी काय, मग काय, ते मराठीत लिहून ठेवलं होतं, माझ्यासाठी. सगळा रंग खरवडून काढला. मग स्पिरिटने पुसायला घेतलं. तेच फडकं दोनदा फिरवलं तर तेल परत पसरतं, म्हणून दर वेळी नवं. सुनीताची एक जुनी चादर फाडून संपली. पुसायचं, हीटरजवळ ठेवायचं, ऊब लागली की वर येईल ते परत पुसायचं. तिसऱ्या दिवशी सुनीता खाली आली. मी तोंड उघडं ठेवून काम करत होते. ती म्हणाली, "मास्क घाल." स्वतः तुमचा घातला आणि पेपर हातात घेतला. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो नाही. तिने विचारलं, "जोर लावू?" मी म्हटलं, "पेपराला जोर लागत नाही."

आठ दिवस लागले. पिवळी चोच, काळं तोंड, पांढरी मान. नराचा डोळा लाल, असं तुमच्या कागदावर होतं. मी ब्रश सुनीताला द्यायला गेले. तिने घेतला नाही. म्हणाली, "तो तूच आख." डावा डोळा थोडा खाली आला. तसाच ठेवला.

रंग धरला. हनुवटीखाली अंगठ्याएवढा तुकडा मात्र दुसऱ्याच दिवशी उडाला. तिथे मी परत हात लावला नाही.

मिरवणुकीच्या दिवशी आम्ही कोपऱ्यावर उभ्या होतो, होफमानबाईही होत्या. थंडी खूप होती. गाड्यांवरून गोळ्या-चॉकलेटं उडत होती, गाणी लागली होती. सहा पक्षी आले. धनेशात कोण होता ते मला माहीत नाही, पण तो पाय जपून टाकत चालत होता. सुनीता म्हणाली, "हेमंत नाचला असता." होफमानबाईंनी तिचा हात धरला. मला वाटलं होतं, धनेश पुरा झाला, रस्त्यावरून गेला, की माझ्या मनावरचं थोडं कमी होईल. झालं नाही. काम पुरं झालं, आणि मी केलेलं जिथल्या तिथे राहिलं.

परवा माझं विमान आहे. काल सुनीता म्हणाली, "तू तेव्हाच सांगितलं असतंस ना, तर तो पोट धरून हसला असता. महिनाभर सगळ्यांना सांगत सुटला असता, माझ्या सासूने धनेशाला तेल चोपडलं म्हणून." बायको आहे ती, तिला तुमचं हसणंच आठवणार.

मला तसं वाटत नाही, हेमंतराव. तुमची बोटं भेगाळली होती. तुमची सुट्टी गेली, तिच्या वाट्याचे दहा दिवस गेले, आणि तुम्ही स्वतःला दोष देत राहिलात. तुम्ही रागावला असता, आणि रागवायलाच हवं होतं. नऊ वर्षांत तुम्ही मला एकदाही उलट बोलला नाहीत, मूल नसण्याबद्दल मी बोलले तेव्हासुद्धा नाही. त्याचं लोक कौतुक करतात. मी ह्या वेळी तुम्हाला रागवायचं खरं कारण दिलं होतं, आणि ते लपवून ठेवलं.

तुम्ही माझ्यासमोर उभं राहून एकदा म्हणायला हवं होतं, "आई, तुम्ही चुकलात." मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं.